अजून थोडी काच

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कुणी विचारलं तर मी आतोबांचं नाव घेतो. आतोबा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. कणकवलीच्या शाळेतून मी बारावी झालो तेव्हा आमच्या घरातल्या कुणीही कॉलेजची पायरी चढलेली नव्हती. वडील म्हणत होते, आयटीआय कर आणि चिकट कुठेतरी. आतोबा मे महिन्यात गावी आले होते. पडवीत फणसाचे गरे खाताना ते वडिलांना म्हणाले, "पोरगो हुशार आसा. माझ्याकडे धाडून दे. खोली बारकी आसा, पण अभ्यास काय खोलीत करूचो नसता, डोक्यात करूचो आसता."

त्यांच्या त्या शब्दावर मी मुंबईला आलो. त्यांची खोली विक्रोळीला, पार्कसाइटच्या चढावर. दिवसा ते एका कारखान्यात रंगकाम खात्यात होते आणि लग्नाच्या, गणपतीच्या हंगामात बेंजो पार्टीत पॅड वाजवायचे. पुढे कारखान्यातलं ते खातं बंद झालं आणि पॅडच त्यांची नोकरी झाली. हळदीला, वरातीला, गणपतीच्या आगमनाला टेम्पोवर स्पीकर चढवून जी पार्टी वाजवते, तीत बेंजोवाल्याच्या शेजारी एक माणूस दोन काड्या घेऊन आठ रबरी चौकोनांवर वाजवताना तुम्ही पाहिला असेल. कुणी त्याला ऑक्टोपॅड म्हणतं. एका चौकोनावर ढोलकी, दुसऱ्यावर डग्गा, तिसऱ्यावर झांज. आवाज आत साठवलेले असतात आणि ते पाहिजे तसे बदलता येतात. पार्टीतले सगळे आतोबांना मास्तर म्हणायचे, कारण ते नुसते वाजवायचे नाहीत, आवाज घडवायचे.

कॉलेजची तिन्ही वर्षं मी त्या पॅडच्या स्टँडखाली पाय सोडून झोपलो. पहिल्याच वर्षी आतोबांनी पॅड उलटं करून मला विचारलं होतं, "तू इलेक्ट्रॉनिक शिकतस मा? मग ही पाठची गोल भोकां कसली ता सांग." मला माहीत नव्हतं. मी कॉलेजच्या लायब्ररीत जाऊन शोधलं. ती मिडीची, म्हणजे पॅड कॉम्प्युटरला जोडायची, भोकं होती. त्या एका प्रश्नातून माझा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट झाला, आणि त्या प्रोजेक्टवर मला अंधेरीच्या एमआयडीसीत नोकरी लागली. स्टुडिओत लागणारी यंत्रं तपासून द्यायचं काम. पहिल्या पगाराचे पेढे घेऊन गेलो तेव्हा आत्या शेजारणीला सांगत होती, "हो दिवसभर एमआयडीसीत असता आणि घरी इलो की ह्यांच्या पॅडाक वायर लावून एमआयडीसीच करता." मिडी आणि एमआयडीसी तिच्या लेखी एकच. आतोबांनीही मग तोच शब्द धरला.

मिडीच्या वायरीतून आवाज जात नाही. जातात ते फक्त आकडे. कुठल्या चौकोनावर काडी पडली, किती जोरात पडली, एवढंच. तसंच, पॅडच्या पोटात प्रत्येक आवाज कसा ठेवलाय तेही आकड्यांतच असतं, आणि ते आकडे त्याच वायरीतून कॉम्प्युटरवर आणता येतात. पॅडची स्वतःची स्क्रीन दोन ओळींची. तिच्यावर एकेक आकडा शोधत बटणं दाबत बसायचं म्हणजे सुईच्या भोकातून घर झाडण्यासारखं. कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र सगळं एकदम समोर दिसतं. सूर किती वर, आवाज किती वेळ रेंगाळतो, डावीकडे किती, उजवीकडे किती, धार किती. प्रत्येकाची एक सरकती पट्टी. पट्टी सरकवली की त्याच क्षणी पॅडमधला आवाज बदलतो.

दर वर्षी गणपतीच्या आधी आमची बैठक व्हायची. आतोबा काड्या घेऊन पॅडपाशी उभे आणि मी खाटेवर लॅपटॉप मांडीवर घेऊन. त्यांची भाषा आकड्यांची नव्हती. "ह्याच्यात चामडा नाय." "हो ओलो वाटता, जरा सुकव." "लाकूड दिसता, बोट दिसना नाय." कुठल्या शब्दाला कुठली पट्टी हे मला पाठ झालं होतं. धारेला ते काच म्हणायचे. ढोलकीच्या छोट्या तोंडावर बोट आपटलं की जो कडक, चकाकता आवाज निघतो, तो त्यांची काच. "थोडी काच घाल," ते म्हणायचे. मी पट्टी सरकवायचो. ते वाजवून बघायचे. "अजून." मी अजून सरकवायचो. बैठक संपली की सगळे आकडे एका फाईलमध्ये साठवून ठेवायचो, वर्ष घालून. पॅड कधी बिघडलंच तर पुन्हा भरता यावं म्हणून.

यंदाही तसंच बसलो होतो. दुपारची वेळ, आत्या मोरीत बांगडे साफ करत होती. आतोबा छोटीवर, म्हणजे ढोलकीच्या छोट्या तोंडाच्या चौकोनावर, वाजवत होते.

"काच कमी आसा."

मी सरकवली.

"अजून."

पुन्हा सरकवली.

"अजून रे."

"आतोबा, संपली."

"काय संपली?"

"पट्टी. एकशे सत्तावीस झाले. याच्या पुढे आकडाच नाही."

ते हसले. "तुझ्या एमआयडीसीत काच संपली? उल्हासनगरवरसून मागव."

मीही हसलो. पण छोटीचा तो आवाज मला दातांत जाणवत होता. पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा. आत्याने मोरीतून मान वर केली नाही, फक्त तिचा सुरीचा हात थांबला होता. आतोबांनी पुन्हा एकदा वाजवलं, कान पॅडकडे नेला आणि म्हणाले, "तुझ्या सॉफ्टवेअरात घोळ आसा. आकडो चढता, आवाज चढना नाय. बघून घे."

मी बघून घेतो म्हणालो. घोळ माझाच असणार, असंच मला वाटलं होतं. ज्या माणसाच्या कानावर आमचं घर उभं राहिलं त्याच्या कानापेक्षा मी माझ्या वायरीवर आधी संशय घेणार. नोकरी लागल्यावर घेतलेल्या मुलुंडच्या माझ्या खोलीवर पॅड घेऊन आलो, केबल बदलून पाहिली, सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. कंपनीतल्या यंत्रावर पॅडचा आवाज मोजला. आकडा चढत होता तसाच आवाजही चढत होता. अगदी पट्टीगणिक. घोळ कुठेच नव्हता.

मग मी जुन्या फाइली उघडल्या. मला एवढंच पाहायचं होतं की गेल्या वर्षी काच किती होती. सॉफ्टवेअरमध्ये दोन फाइली शेजारी शेजारी उघडता येतात, म्हणून गेल्या वर्षीची उघडली. यंदापेक्षा थोडी कमी. तिच्या आधीची उघडली. तिच्यात आणखी कमी. मग मी एकेक करत मागे मागे गेलो, अगदी आमच्या पहिल्या बैठकीपर्यंत. पहिल्या फाइलीत छोटीची पट्टी मध्याच्याही खाली होती. तिथून ती दर गणपतीला वर सरकलेली, एकाही वर्षी न थांबता, एकाही वर्षी खाली न येता. नुसती छोटीची नव्हे. झांज, घुंगरू, चिपळ्या, जे जे बारीक आणि उंच आवाजाचं, त्या सगळ्यांच्या पट्ट्या तशाच. डग्गा मात्र पहिल्या वर्षी होता तिथेच होता. ढोल तिथेच होता. जाड आवाजाला कुणी बोट लावलेलं नव्हतं.

आणि सगळे बारीक आवाज उजवीकडे सरकलेले होते. आतोबा टेम्पोवर नेहमी एकाच जागी उभे राहतात. स्पीकरची थप्पी त्यांच्या डाव्या हाताला असते, डाव्या कानाशी.

मी लॅपटॉप बंद केला नाही.  खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा टीं टीं आवाज खिडकीतून येत होता, आणि मला पहिल्यांदाच वाटलं की हा आवाज त्यांना ऐकू येत असेल का?

पुढच्या वेळी पॅड परत द्यायला विक्रोळीला गेलो तेव्हा मी एक गोष्ट केली. पॅडला वायर जोडली होती, पॅडचा आवाज फळीवरच्या छोट्या स्पीकरमधून येत होता. आतोबा माझ्याकडे पाठ करून उंबऱ्यापाशी बसले होते, काड्यांच्या मुठीला टेप गुंडाळत. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक चौकोनाचं चित्र असतं. त्याच्यावर माऊसने टिचकी दिली की पॅडला कुणी हात न लावता तो आवाज वाजतो. मी घुंगरावर टिचकी दिली.

खोलीत घुंगरू वाजलं. आतोबांची बोटं टेप गुंडाळत राहिली.

मी पुन्हा दिली. मग झांजेवर दिली. आत्या स्टोव्हपाशी होती, ती वळली. आतोबा वळले नाहीत. शेजारच्या खोलीतली म्हातारी पॅसेजमधून म्हणाली, "काय गो, भजनाक बसलास काय?" तेही त्यांनी ऐकलं नाही. मी छोटीवर टिचकी दिली. त्यांची मान किंचित हलली, माशी उडवल्यासारखी, आणि पुन्हा खाली गेली.  शेवटी मी डग्ग्यावर दिली.

"झाली काय चालू तुझी एमआयडीसी?" आतोबा न वळता म्हणाले. "मगासपासून गप बसलंस म्हणान वाटला, झोपलंस."

मी काहीतरी उत्तर दिलं. ते त्यांना ऐकू आलं नसावं, कारण त्यांनी मान डोलावली. उत्तर मान डोलावण्यासारखं नव्हतं.

ते चहापत्ती आणायला खाली उतरले तेव्हा आत्या माझ्याजवळ येऊन बसली. पदराला हात पुसत होती. "तुका आत्ता कळला?" ती हळू म्हणाली. "माका दोन वर्सां झाली."

तेव्हा मला तिच्या किती सवयी एकदम दिसल्या. ती त्यांच्याशी बोलायच्या आधी कोपराला हात लावते. कुकरच्या शिट्ट्या स्वतः मोजते आणि गॅस स्वतः बंद करते. दारावर कुणी आलं की ते उठायच्या आधी उठते.

"मग तू त्यांना डॉक्टरकडे का नाही नेलंस?"

"न्हेलंय तर त्येंका कळतला माका म्हायत आसा म्हणान." ती दाराकडे बघत म्हणाली. "दिवसभर पार्टीत त्येंका मान ताठ ठेवची लागता. घरात तरी ठेवूंदे. माका म्हायत आसा ह्या त्येंका सांगा नको. शपथ घे माझी."

मी शपथ घेतली. जिन्यावर पावलं वाजली तशी ती उठून भांड्यांकडे गेली आणि मोठ्याने म्हणाली, "चहात आलं घालू काय?" मोठ्याने, पण ओरडून नव्हे. कुठल्या पट्टीत बोललं की त्यांना ऐकू जातं हे तिने शोधून ठेवलं होतं.

मी घाटकोपरला एका कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. एकटाच. नंबर लागल्यावर त्यांनी माझ्यामागे बघितलं. "पेशंट कुठाय?"

"आणलेला नाही."

"मग नुसते कान आणलेत का?"

मी सगळं सांगितलं. पट्ट्यांचंही सांगितलं. ते आधी मजेने ऐकत होते, मग त्यांनी पेन खाली ठेवलं. गेलेलं ऐकू येणं परत येत नाही, म्हणाले. बारीक आवाज आधी जातात, म्हणून बोलण्यातला स, श, च कळत नाही आणि माणूस अंदाजाने हो म्हणायला लागतो. जे उरलंय ते राखता येतं, पण त्यासाठी तपासणी हवी आणि मोठ्या आवाजापासून लांब राहायला हवं.

"तो माणूस अजून स्पीकरपाशी उभा राहतो?"

"हो."

"किती वर्षं उभा राहणार आहे?"

मी फी देऊन उठलो. बाहेर आलो तेव्हा रस्त्यावरचे हॉर्न मला वेगळे ऐकू येत होते. कुठला त्यांना ऐकू आला असता, कुठला नाही, असं मी प्रत्येकाचं ठरवत स्टेशनपर्यंत आलो.

त्याच आठवड्यात वेसाव्याला एका हळदीला त्यांची पार्टी होती. मी मुद्दाम गेलो. पार्टीचा मालक बेंजो वाजवतो आणि गाणं बदलायचं झालं, थांबायचं झालं की तोंडातली शिट्टी फुंकतो. सगळे शिट्टीवर चालतात. आतोबांची नजर त्याच्या हातांवर खिळलेली होती हे मी पहिल्यांदा पाहिलं. मालकाने हात उचलला की ते बदलत होते. तेवढ्यात मालक नोटा उधळणाऱ्या काकांकडे वळला आणि त्याने पाठमोरी शिट्टी दिली. सगळे थांबले. आतोबांची छोटी एकटीच वाजत राहिली, ती एकशे सत्तावीसची छोटी. नाचणाऱ्या बायकांतली एक कान धरून ओरडली, "काय रं दादूस, ढोलकी वाजवतंस का मावरा कापतंस?" मासळीच्या टोमण्यावर सगळे हसले. आतोबाही हसले. ती काय बोलली ते न कळता हसले. मी ते हसू ओळखलं आणि मला तिथे उभं राहवेना.

कार्यक्रम संपल्यावर स्पीकर उतरवून टेम्पोत भरायचे होते. टेम्पो गल्लीत मागे येत होता. मागे येण्याचा टीं टीं आवाज होत होता, क्लीनर पत्रा बडवत "बस, बस" ओरडत होता. आतोबा टेम्पोकडे पाठ करून वायरीची गुंडाळी करत होते. मालकाने शिट्टी मारली. पुन्हा मारली. मी पाण्याचा ग्लास टाकून धावलो आणि त्यांना कॉलर धरून ओढलं. टेम्पोची फळी आतोबा उभे होते तिथे येऊन थांबली.

"मेल्या, शर्ट फाटलो मा," आतोबा म्हणाले. मग त्यांनी वळून टेम्पो पाहिला.  फाटलेली शिवण चाचपत वायर उचलायला वाकले.

मालक मला बाजूला घेऊन गेला. चांगला माणूस आहे, आतोबांबरोबर त्याने बरीच वर्षं काढली आहेत. "मास्तरांना शिट्टी ऐकू येत नाही काय रे?"

"आवाज होता खूप."

"कसला आवाज? पार्टी बंद होती." त्याने टेम्पोकडे बोट केलं. "हे बघ, सूर कसाही चालेल, लोक नाचतात. पण रस्त्यावर माझ्या हातून माणूस मरायला नको. गणपतीच्या आधी मला काय ते सांग. तू शिकलेला आहेस, तुझ्या शब्दावर मी ठरवतो."

माझ्या शब्दावर. ज्यांनी मला शिकवलं त्यांची जागा माझ्या एका हो-नाहीवर येऊन थांबली होती. ऐकू येत नाही म्हटलं तर पॅड गेलं, आणि पॅडशिवाय आतोबा काय करणार हे मला माहीत नव्हतं, त्यांनाही नसेल. ऐकू येतं म्हटलं तर उरलेला कान जाईल, कदाचित त्याच्या आधी एखादा टेम्पो.

यातून तिसरी वाट निघते का, हे मी शोधत बसलो, आणि ती निघाली. मिडीतून फक्त आकडे जातात. मग तेच आकडे दोन ठिकाणी का जाऊ नयेत? कंपनीत तपासायला आलेल्या तसल्याच एका पॅडमध्ये यंदाची फाईल भरली, त्याची वायर लॅपटॉपला जोडली आणि लॅपटॉपमध्ये आमच्या पहिल्या फाइलीतले आवाज भरले. स्पीकर लॅपटॉपला लावला. पॅडच्या स्वतःच्या आवाजाला फक्त हेडफोन. काड्या घेऊन वाजवलं. हेडफोनमध्ये आतोबांची आत्ताची काच होती, कान कापणारी. हेडफोन काढला तर स्पीकरमधून पहिल्या वर्षीची ढोलकी येत होती, गोल, चामड्याची, बोट दिसणारी. एकच काडी, दोन आवाज. लोकांना त्यांचा, मास्तरांना त्यांचा. शिट्टी पकडायला पॅडच्या स्टँडवर एक छोटा माइक लावला की शिट्टीसरशी आतोबांच्या कानात डग्गा वाजेल, तेही जमत होतं.

मी इतकं चांगलं काम कंपनीतही कधी केलं नसेल. आणि जसजसं वाजवत गेलो तसतशी मला त्याची भीती वाटायला लागली. हे त्यांच्या हातात दिलं की कुणालाच काही कळणार नव्हतं. मालकाला नाही, वेसाव्याच्या बाईला नाही. आतोबा हेडफोन घालून उभे राहतील आणि हेडफोनवरचं आवाज वाढवायचं चाक रोज थोडं पुढे फिरवतील. त्या चाकाशी मी बसलेलो नसेन. एक दिवस तेही टोकाला टेकेल, आणि त्या दिवशी त्यांना डग्गाही ऐकू येणार नाही.

सोमवारी त्यांचा फोन आला. "रविवारी लॅपटॉप घेऊन ये. काच कमी पडता. ह्या टायमाक नवीन सॉफ्टवेअर बघ." मी हो म्हणालो.

रविवारच्या आत त्यांच्याशी बोलायला हवं होतं. पण कमी ऐकू येणाऱ्या माणसाला खासगी काही सांगता येत नाही. पार्कसाइटच्या त्या खोलीत मी त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोललो असतो तर अख्ख्या पॅसेजने ऐकलं असतं, आणि आत्याला ऐकू आल्याचं ढोंग करावं लागलं असतं, किंवा न आल्याचं. म्हणून मी पत्र लिहिलं आणि मुलुंडच्या पोस्टातून पाठवलं. ते असं होतं.

आतोबा,

तुम्हाला मी पहिल्यांदाच पत्र लिहितो आहे. इथूनच पाया पडतो. हे एकट्याने वाचा, खाली चहाच्या टपरीवर जाल तेव्हा.

पॅड बिघडलेलं नाही. सॉफ्टवेअरही नाही. मी सगळं तपासलं, कंपनीतल्या यंत्रावर आवाज मोजूनही पाहिला. काच आहे, भरपूर आहे, दुसऱ्यांना टोचते इतकी आहे. ती तुम्हाला ऐकू येत नाही. डाव्या कानाला जास्त, उजव्याला थोडी कमी, असं मला वाटतं. मी डॉक्टर नाही, पण दर वर्षी तुम्ही मला अजून म्हणालात आणि मी जे जे सरकवलं ते सगळं माझ्याकडे साठवलेलं आहे. ते शेजारी शेजारी ठेवून पाहिलं तेव्हा मला कळलं.

एक गोष्ट न विचारता केली. परवा तुम्ही काड्यांना टेप लावत होतात तेव्हा मी तुमच्या पाठीमागे घुंगरू वाजवलं, झांज वाजवली. तुम्ही वळला नाहीत. डग्गा वाजला तेव्हाच बोललात. अशी चोरून परीक्षा घ्यायला नको होती, पण समोरून विचारलं असतं तर तुम्ही हसून उडवलं असतं. रागावायचं तर रागवा, मला चालेल.

वेसाव्याला तुमचा शर्ट माझ्या हातून फाटला. टेम्पो वाजत होता, क्लीनर ओरडत होता, मालकांनी दोनदा शिट्टी दिली. तुम्हाला यातलं काही ऐकू आलं नव्हतं. मालकांनी मला विचारलं आहे. मी अजून उत्तर दिलेलं नाही. तुमच्याबद्दलचं उत्तर तुमच्या आधी दुसऱ्या कुणाला देणं मला जमणार नाही.

मी घाटकोपरला एका डॉक्टरांना भेटून आलो. गेलेलं परत येत नाही म्हणाले. उरलेलं राखता येतं म्हणाले, पण त्यासाठी तुम्ही स्वतः यायला हवं.

आतोबा, मी एक सोय केली आहे. तुमच्या काडीतून दोन आवाज निघतील, लोकांना वेगळा आणि तुमच्या कानात वेगळा. शिट्टीही तुमच्या कानात डग्ग्याने वाजेल. ती चालते, मी वाजवून पाहिलं. तिच्यावर तुम्ही कुणाला न कळता वाजवत राहाल, म्हणूनच ती मी आज तुम्हाला देत नाही. डॉक्टरांनी कान तपासले, आणि वाजवा म्हणाले, तर ते सांगतील तेवढ्यावर मी तुमच्या कानातला आवाज बांधून टाकीन. त्याच्या पुढे तो जाणार नाही, तुम्ही अजून म्हणालात तरी. आणि वाजवू नका म्हणाले तर पुढे काय, हे मला माहीत नाही. मी खूप विचार केला, पण मला नाही सुचलं. ते आपण दोघांनी तिथेच बसून ऐकू आणि मग ठरवू. माझा पगार तुमच्यामुळे आहे. तो विषय आपल्यात निघायला नको, पण तुमच्या मनात आला तर एवढं लक्षात ठेवा.

तुम्ही मला कधी कशाला नाही म्हटलं नाहीत. मी तुम्हाला पहिल्यांदाच नाही म्हणतो आहे. रविवारी मी काच वाढवायला येणार नाही.

शनिवारी सकाळी अकराला डॉक्टरांची वेळ घेतली आहे. आत्याला सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. माझ्याकडून तिला काही कळणार नाही. तिला काहीही कारण सांगून निघता येईल, नवीन काड्या घ्यायच्या आहेत म्हणा.

पत्र मिळाल्यावर फोन करू नका. फोनवर मी काय म्हणतो ते नीट ऐकू आलं नाही तरी तुम्ही बरं, बरं म्हणता. मला इतके दिवस ते खरं वाटत होतं. या वेळी मला तसलं बरं नको. मोबाईलवर नुसतं ये असं लिहून पाठवा. नाही पाठवलंत तरी मी साडेदहाला विक्रोळी स्टेशनला पश्चिमेच्या तिकीट खिडकीपाशी उभा असेन. हाक मारणार नाही, समोरून येईन. लॅपटॉप आणणार नाही.